धूसर अक्षरांचे निदान : पडद्यावरील रेकॉर्डिंगविषयी वाचकांचे प्रश्न

संगणकाच्या पडद्यावर चाललेले काम व्हिडिओत टिपण्याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : डोळ्यांसमोर स्वच्छ दिसणारा पडदा व्हिडिओत गेल्यावर मलूल होतो. पडद्याचे रेकॉर्डिंग हे मुख्यतः वाचण्यासाठी असते, त्यातले अक्षर वाचता आले नाही तर पुढची सारी मेहनत वाया जाते, म्हणून पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी हिशेबाचे वर्ग घेते. स्प्रेडशीटवर काम करताना संपूर्ण पडदा ओबीएस स्टुडिओ या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करते. काम करताना मला आकडे लख्ख दिसतात, पण तयार व्हिडिओत ते पुसट येतात आणि ‘हा तीन आहे की आठ?’ असे विद्यार्थी विचारतात. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओला मिळणारी माहितीची मात्रा, २५०० वरून १०००० वर नेला, फाइल चौपट झाली, अक्षरे मात्र होती तशीच राहिली. आता काय वाढवू?

उत्तर : काहीही वाढवू नका. बिटरेट चौपट करूनही अक्षरांत फरक पडला नाही, ही आपण दिलेली माहिती निदानासाठी सर्वांत मोलाची आहे, कारण त्यावरून अक्षरे कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी व्हिडिओ दाबताना, बिघडत नसून त्याआधीच, चित्राचा आकार बदलताना बिघडत आहेत हे कळते. पुसटपणा कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. अक्षरे पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत सारखीच पुसट असतील तर वाटेत कुठेतरी आकार बदलला आहे. पान उलटल्यावर किंवा भराभर स्क्रोल केल्यावर ती क्षणभर गढूळ होऊन मग निवळत असतील तर बिटरेट अपुरा आहे. काळी अक्षरे रेखीव आणि लाल-निळी तेवढी पसरलेली दिसत असतील तर दोष रंग साठवण्याच्या पद्धतीत आहे. आपला दोष पहिल्या जातीचा आहे.

ओबीएसच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘व्हिडिओ’ विभाग उघडा. तेथे एकाखाली एक दोन आकडे दिसतील : वर ‘बेस कॅन्व्हास रिझोल्युशन’ आणि खाली ‘आउटपुट स्केल्ड रिझोल्युशन’. पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलांचा असतानाही खालच्या चौकटीत अनेकदा १२८० बाय ७२० हा आकडा सापडतो. म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना दर तीन पिक्सेलांच्या जागी दोन बसवायचे असतात. एक पिक्सेल जाडीची काळी उभी रेघ अशा वेळी दोन पिक्सेलांत विभागली जाते आणि तिच्या जागी दोन करडे, फिकट पट्टे उरतात. आपल्या लिपीला तर याची झळ अधिकच बसते, कारण बारीक टाइपातला अनुस्वार जेमतेम एक-दोन पिक्सेलांचा असतो आणि तो विरघळला की ‘वंदन’चे ‘वदन’ होते. एकदा मिसळलेले पिक्सेल नंतर कितीही बिटरेट दिला तरी वेगळे होत नाहीत. आपण फाइल चौपट केली तेव्हा ते करडे पट्टेच अधिक निष्ठेने जपले गेले, इतकेच.

म्हणून दोन्ही आकडे आपल्या पडद्याच्या मूळ रिझोल्युशनइतकेच ठेवा. पडदा १६०० बाय ९०० चा असेल तर व्हिडिओही तेवढाच असू द्या, १०८० चा मान मिळावा म्हणून तो ताणू नका. ऑपरेटिंग सिस्टीमच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही ‘रेकमेंडेड’ म्हणून दाखवलेलेच रिझोल्युशन असले पाहिजे, कारण सपाट पडद्याची पिक्सेलांची जाळी ठरलेली असते. यानंतर ओबीएसच्या पूर्वदृश्यात पडद्याच्या चित्राभोवतीची लाल चौकट पाहा. ती माउसने चुकून थोडी जरी ओढली गेली असेल तरी आकार पुन्हा बदलतो. चित्र निवडून कंट्रोल आणि आर या कळा दाबल्या की ते मूळ मापावर येते.

खातरजमा करण्याचा माझा उपाय असा. रेकॉर्डिंग चालू असतानाच त्याच पानाचा एक साधा स्क्रीनशॉट घ्या. नंतर व्हिडिओ त्याच ठिकाणी थांबवून त्यातील एक फ्रेम चित्र म्हणून जतन करा, दोन्ही चित्रे शेजारी ठेवून ४०० टक्के मोठी करा आणि एकच अक्षर निरखून पाहा. शिरोरेषा दोन्हीकडे तितक्याच पिक्सेलांची आणि तितकीच काळी दिसली तर पडद्यापासून फाइलपर्यंतचा मार्ग निर्धोक आहे. व्हिडिओ प्लेअरच्या लहान खिडकीत पाहून निर्णय घेऊ नका, कारण ती खिडकी स्वतःच चित्र आक्रसते.

एवढे झाल्यावर स्प्रेडशीट १०० ऐवजी १४० किंवा १५० टक्के मोठी करून शिकवा. आपले विद्यार्थी हा धडा बहुधा तळहातावरच्या फोनमध्ये पाहत असतील आणि तेथे रेखीव पण मुंगीएवढे अक्षर काय कामाचे? एका वेळी कमी रकाने दिसतील, पण जे दिसेल ते वाचता येईल. विंडोजमध्ये संपूर्ण पडद्याचे स्केल १२५ किंवा १५० टक्के करण्याचाही मार्ग आहे. मात्र काही जुन्या प्रोग्रॅमना ते स्केल समजत नाही, विंडोज त्यांचे लहान चित्र ताणून मोठे करते आणि ते मूळ पडद्यावरच पुसट दिसतात. अशा प्रोग्रॅमच्या आतील झूम वापरावा.

प्रश्न : बिटरेट नेमका किती ठेवावा? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

उत्तर : रेकॉर्डिंगसाठी ठरावीक बिटरेट ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण थोड्या हिशेबाने पटेल. १९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ६.२ एमबीची होते आणि सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने एका मिनिटाला ११ जीबीहून अधिक जागा लागते. एवढा पसारा कोणालाच पेलत नाही, म्हणून एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लिहिणारा भाग, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच मुख्यतः लिहून ठेवतो. आता पडद्याचे वागणे पाहा. आपण बोलत असता तेव्हा दोन-दोन मिनिटे काहीही हलत नाही, आणि पुढची खिडकी उघडताच एका फ्रेममध्ये सारे चित्र बदलते. ठरावीक बिटरेट म्हणजे सीबीआर या पद्धतीत दोन्ही प्रसंगांना जवळजवळ सारखाच शिधा मिळतो. शांत वेळी तो उगाच खर्ची पडतो आणि गरजेच्या वेळी पुरत नाही, म्हणून नवी खिडकी उघडताच अक्षरे क्षणभर गढूळ होतात. सीबीआर ही थेट प्रक्षेपणासाठी योग्य पद्धत आहे, कारण तेथे इंटरनेट जोडणीची रुंदी ठरलेली असते. डिस्कवर लिहिताना ते बंधन नसते.

त्याऐवजी दर्जा ठरवून द्यावा आणि लागेल तेवढी जागा एन्कोडरला घेऊ द्यावी. एक्स२६४ हा एन्कोडर वापरत असाल तर ‘रेट कंट्रोल’मध्ये सीआरएफ निवडा. त्यात ० ते ५१ असे आकडे असतात, आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा, आणि एक्स२६४ चा स्वतःचा मूळ आकडा २३ आहे. बारीक अक्षरांच्या पडद्यासाठी मी १६ ते १८ ठेवतो. एनव्हिडियाच्या एन्कोडरमध्ये याच जातीच्या पर्यायाला सीक्यूपी म्हणतात, दोन्हींचे आकडे तंतोतंत जुळत नसले तरी सुरुवात तेथूनच करता येते. शिकवणीच्या व्हिडिओत पडदा बराच वेळ स्थिर असल्याने फाइल वाटते तितकी फुगत नाही. व्हिडिओ इंटरनेटवर चढवायचा असेल तर मूळ फाइल निर्मळ असणे आणखी गरजेचे आहे, कारण ती संकेतस्थळे आपला व्हिडिओ स्वतःच्या मापाने पुन्हा दाबतात.

प्रश्न : मी प्रोग्रॅमिंग शिकवतो. माझ्या एडिटरची पार्श्वभूमी काळी आहे. पांढरी अक्षरे सुरेख येतात, पण लाल आणि निळे शब्द शाई फुटल्यासारखे दिसतात. रिझोल्युशन आणि दर्जा दोन्ही तपासले आहेत.

उत्तर : हा पुसटपणा मघाशी सांगितलेल्या तिसऱ्या जातीचा आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. याचा फायदा घेऊन बहुतेक व्हिडिओ ४:२:० या पद्धतीने साठवले जातात : उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा वेगळा, पण रंग मात्र दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांत मिळून एकच. माणसांचे चेहरे किंवा निसर्गदृश्ये यांत ही काटकसर लक्षात येत नाही, एक-दोन पिक्सेलांच्या अक्षरात मात्र लगेच उघडी पडते. त्यातही लाल-निळ्याचेच का बिघडते? एचडी व्हिडिओसाठीच्या ७०९ क्रमांकाच्या मानकात उजळपणाचा सुमारे ७२ टक्के हिस्सा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि अवघा ७ टक्के निळ्याचा धरतात. काळ्यावर लिहिलेला शुद्ध निळा शब्द उजळपणाच्या हिशेबाने जवळजवळ काळाच असतो. त्याचा सारा आकार रंगाच्या माहितीत असतो आणि तीच माहिती आपण चौथाईवर आणलेली असते.

ओबीएसच्या ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात ‘कलर फॉरमॅट’ हा पर्याय आहे. त्यात एनव्ही१२ म्हणजे ४:२:० आणि आय४४४ म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग स्वतंत्र. संपादनासाठी मूळ प्रत म्हणून आय४४४ उत्तम आहे, पण अशी फाइल कित्येक ब्राउझर आणि फोन उघडतच नाहीत, त्यामुळे ती कोणाला थेट पाठवू नये. खरा उपाय एडिटरच्या रंगसंगतीत आहे. शुद्ध लालऐवजी फिकट नारिंगी, गर्द निळ्याऐवजी आकाशी असे हिरव्याचा अंश असलेले रंग घ्या, टाइप दोन-तीन घरे मोठा करा आणि त्याची जाडी एका पायरीने वाढवा. दुसरी युक्ती अशी की, आय४४४ मध्ये टिपलेला १९२० बाय १०८० चा व्हिडिओ संपादनानंतर नेमका दुप्पट, म्हणजे ३८४० बाय २१६० करून बाहेर काढावा. मोठे करताना प्रत्येक पिक्सेलचा जसाच्या तसा चार पिक्सेलांचा चौकोन केला, तर मूळ प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो आणि ४:२:० चा तोटा भरून निघतो, अर्थात पाहणाऱ्याने तो व्हिडिओ त्या मोठ्या रिझोल्युशनमध्ये पाहिला तर.

प्रश्न : रेकॉर्डिंग सुरू केले की लॅपटॉप जड होतो, पंखा घरघरतो आणि व्हिडिओ अडखळतो. सेकंदाला ६० फ्रेम ठेवल्या आहेत.

उत्तर : आधी ३० करा. सेकंदाला ६० फ्रेम घ्यायच्या तर प्रत्येक फ्रेमचे काम १६.७ मिलिसेकंदांत उरकावे लागते, ३० असतील तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात. खेळ किंवा ॲनिमेशन दाखवताना ६० चा उपयोग होतो, टायपिंग आणि मेनू दाखवताना तो कोणाच्याही लक्षात येत नाही.

त्यानंतर एन्कोडर पाहा. एक्स२६४ सारा भार प्रोसेसरवर टाकतो आणि त्याच प्रोसेसरवर आपले मूळ काम चाललेले असते. इंटेलने २०११ साली क्विक सिंक आणि एनव्हिडियाने २०१२ साली एनव्हेंक या नावाने एन्कोडिंगचे वेगळे सर्किट चिपमध्येच द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत असे काहीतरी असतेच, एएमडी आणि ॲपल यांचेही आहे. ‘आउटपुट’ विभागात ते निवडले की प्रोसेसर मोकळा होतो. ओबीएसमध्ये ‘स्टॅट्स’ नावाची खिडकी असते, ती उघडी ठेवून दोन मिनिटे चाचणी घ्या. एन्कोडिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील तर एन्कोडर मागे पडतो आहे, रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या वाढत असतील तर ग्राफिक्स चिप. लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा, बॅटरीवर तो स्वतःहून वेग आवरतो.

प्रश्न : पडदा एका प्रोग्रॅमने रेकॉर्ड करतो आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून फोनवर वेगळा रेकॉर्ड करतो. संपादनात दोन्ही जुळवले की सुरुवात बरोबर असते, पण चाळीस मिनिटांनी आवाज पुढे आणि माउस मागे, असे होते.

उत्तर : सुरुवातीला आणि शेवटाला अंतर सारखेच असेल तर तो नुसता उशीर असतो, आवाज तेवढा सरकवला की काम होते. आपले अंतर वाढत जाते, म्हणजे दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालली आहेत. याला दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे पडदा टिपणारे काही प्रोग्रॅम स्थिर फ्रेम रेट ठेवत नाहीत, पडदा हलत नसेल तेव्हा कमी फ्रेम लिहितात. प्लेअरला हे समजते, पण संपादनाचे कित्येक प्रोग्रॅम गोंधळतात. अशी फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओचे रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढावी आणि मग संपादनाला घ्यावी. दुसरे कारण फोन आणि संगणक यांच्या स्फटिक-घड्याळांतील फरकाचे. तो दहा लाखांत पन्नास एवढाच धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंद जमतो. तासाला इतका फरक असेल तर दोष घड्याळाचा, आणि अंतर सेकंद-दोन सेकंदांचे असेल तर बहुधा फ्रेम रेटचा समजावा.

अंतर मोजण्यासाठी सुरुवातीला आणि अखेरीस फोन माउसजवळ धरून एखादा मेनू ठसक्यात क्लिक करून उघडा. क्लिकचा आवाज आणि मेनू उघडल्याची फ्रेम यांवरून दोन्ही टोके जुळवता येतात.

तरीही माझा सल्ला असा की, एक साधा यूएसबी माइक संगणकालाच जोडावा, तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा आणि आवाज ओबीएसमध्येच घ्यावा. सर्व उपकरणांचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. बोलताना मिक्सरमधील पट्टी पिवळ्या भागात खेळत राहावी, तांबड्याला सतत टेकू नये. ओबीएसमध्ये आवाजाचे सहा ट्रॅक वेगळे ठेवता येतात, तेव्हा आपले बोलणे एका ट्रॅकवर आणि संगणकाचा आवाज दुसऱ्यावर घ्या. मध्येच एखादी सूचना ‘टिंग’ करून वाजली तर बोलण्याला धक्का न लावता ती काढता येते.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळा पडदा येतो. आवाज मात्र आहे.

उत्तर : मॅकवर असाल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये त्या प्रोग्रॅमला पडदा टिपण्याची परवानगी दिली आहे का ते पाहा, आणि दिल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर ओबीएस एकीवर आणि पडदा दुसरीवर चाललेला असू शकतो. विंडोजच्या ‘ग्राफिक्स’ सेटिंगमध्ये ओबीएससाठी दुसरा पर्याय निवडून पाहावा. केवळ चित्रपट दाखवणाऱ्या सेवेचीच खिडकी काळी येत असेल तर ते संरक्षण हेतुपुरस्सर घातलेले असते. ते चुकवण्याचे मार्ग मी सांगणार नाही.

प्रश्न : दीड तासाचे व्याख्यान रेकॉर्ड होत असताना वीज गेली. एमपी४ फाइल डिस्कवर आहे, तिचा आकारही मोठा दिसतो, पण कोणताच प्लेअर ती उघडत नाही. सारे गेले का?

उत्तर : आपली हळहळ समजू शकतो. बहुधा सारे गेलेले नाही. साध्या एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना, शेवटी लिहिली जाते. वीज गेली तेव्हा चित्र आणि आवाज बराचसा लिहून झाला होता, अनुक्रमणिका तेवढी राहिली. एमकेव्ही या प्रकारात तसे नसते, जेवढे लिहिले गेले तेवढे उघडते. म्हणून पुढच्या वेळी रेकॉर्डिंग एमकेव्हीत करावे आणि संपल्यावर ‘फाइल’ मेनूतील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने त्याची एमपी४ करून घ्यावी. त्यात व्हिडिओ पुन्हा दाबला जात नाही, नुसते वेष्टन बदलते आणि काही क्षणांत काम होते. २०२४ सालच्या ओबीएस ३०.२ पासून ‘हायब्रिड एमपी४’ हा प्रकारही मिळतो, तो अशा प्रसंगी टिकतो. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर करत असाल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना, हेही पाहा, कारण तेथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही.

आता हातातल्या फाइलविषयी. ती पुसू नका, तिचे नाव बदलू नका, आधी तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. मग त्याच संगणकावर, त्याच प्रोग्रॅममध्ये, कोणतीही सेटिंग न बदलता दोन-तीन मिनिटांचे नवे रेकॉर्डिंग करून ते नीट थांबवा. अनट्रंक नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो अशा धडधाकट फाइलची रचना पाहून तुटलेल्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधतो. नमुना जितका मूळ रेकॉर्डिंगसारखा, तितके यश मिळण्याची शक्यता अधिक, म्हणून रिझोल्युशन, फ्रेम रेट, एन्कोडर आणि आवाजाच्या ट्रॅकची संख्या व्याख्यानाच्या दिवशी होती तशीच ठेवा. हे नमुन्याचे रेकॉर्डिंग आजच करून ठेवा, कारण एकदा ओबीएसची नवी आवृत्ती आली किंवा सेटिंग्ज बदलल्या की तसा नमुना पुन्हा मिळवणे अवघड जाते.